चौदा बेटांचे शहर आणि चिमुकली बुद्धमूर्ती

स्टॉकहोम ही स्वीडन देशाची राजधानी. मेलारेन नावाचे विशाल सरोवर जिथे बाल्टिक समुद्राला मिळते, तिथे १४ बेटांवर हे शहर वसले आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त गेली नऊ वर्षे तिथे राहतो. मी भुसावळची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झाले. गेल्या जूनमध्ये मुलाने व सूनबाईने आग्रहाने बोलावले म्हणून गेले.

परदेशी जाऊन आलेल्याने तिकडच्या स्वच्छतेचे आणि थंडीचे वर्णन करावे, असा आपल्याकडे जणू नियमच आहे. स्वच्छता आहे. थंडीही आहे. जून महिन्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे साडेतीनला सूर्य पुन्हा हजर होतो, हेही खरे आहे. परंतु मला लिहायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. शहर दाखविणाऱ्या वाटाडी बाईंबरोबर मी तीन दिवस पायी हिंडले. त्याच दिवसांत आमच्या घरात एका निर्णयाची चर्चा चालली होती. मुलाला स्वीडनचे नागरिकत्व मागता येणार होते. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचे घेतले की इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो आणि इकडचा मतदानाचा हक्कही जातो. मुलगा रोज विचारी, "आई, तुला काय वाटते?" मी म्हणे, "आधी तुझे शहर तर पाहू दे."

जुने शहर

पहिल्या दिवशी सकाळी जुन्या शहरात जमलो. तिकडे त्याला गामला स्तान म्हणतात. आमच्या गटात निरनिराळ्या देशांची पंधरा-सोळा माणसे होती. वाटाडी बाई पन्नाशीच्या, पायात मजबूत बूट, हातात उंच धरलेली छत्री. इंग्रजी सावकाश बोलत, त्यामुळे मलाही सगळे कळत होते.

या भागातील गल्ल्या अरुंद आहेत. त्यांतली सर्वांत अरुंद गल्ली एका टोकाला जेमतेम ९० सेंटीमीटर रुंद आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभे राहावे लागते. मधोमध स्टोरटोर्गेट हा चौक आहे. लाल-पिवळ्या रंगाची उंच घरे, त्यांच्यासमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी. बाईंनी सांगितले, याच चौकात नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने सुमारे ८० ते १०० माणसांची मुंडकी उडविली. त्यांत सरदार होते, धर्मगुरू होते, शहरातले नागरिकही होते. ज्याचा बाप त्यात मारला गेला तो गुस्ताव वासा पुढे बंड करून उठला आणि ६ जून १५२३ रोजी स्वीडनचा राजा झाला. ६ जून हा आज त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे.

त्याच चौकात नोबेल पारितोषिकाचे संग्रहालय आहे. तिथे पारितोषिक मिळालेल्यांनी दिलेल्या वस्तू ठेवतात. आपले अमर्त्य सेन यांना १९९८ साली अर्थशास्त्राचे पारितोषिक मिळाले. त्यांनी या संग्रहालयाला आपली जुनी सायकल दिली. बंगालच्या खेड्यांतून संशोधनासाठी ते ज्या सायकलवर हिंडले, तीच ही सायकल. माझ्या नातवाला फार नवल वाटले. तो म्हणाला, "आजी, सायकल पण संग्रहालयात ठेवतात?" मी म्हटले, "कोणाच्या दारी जाण्यासाठी ती चालविली, त्यावर ते ठरते, बाळा."

गुन्नार मिर्डाल आणि आल्वा मिर्डाल या स्वीडिश दांपत्याचे नावही तिथे निघाले. गुन्नार यांना १९७४ साली अर्थशास्त्राचे, तर आल्वा यांना १९८२ साली शांततेचे नोबेल मिळाले. अमेरिकेतील काळ्या लोकांवरील अन्यायाचा गुन्नार यांनी केलेला अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्या ग्रंथाचा आधार घेतलेला आहे. आल्वा या १९५५ ते १९६१ या काळात भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या.

राजवाडा जवळच आहे. सहाशेंहून अधिक खोल्या आहेत म्हणतात. नातवाला मात्र राजवाड्यापेक्षा त्याच्या समोरच्या एका लहानशा अंगणातला लोखंडी मुलगा अधिक आवडला. फिनिश चर्चच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या मुलाचा हा पुतळा अवघा १५ सेंटीमीटर उंच आहे. लिस एरिक्सन या शिल्पकाराचे ते काम. थंडीच्या दिवसांत लोक त्याला लोकरीची टोपी आणि गळपट्टा घालतात. येता-जाता डोक्यावरून हात फिरवतात, समोर नाणे ठेवतात. नातवानेही त्याच्या डोक्यावरून हात फिरविला.

नगरभवन आणि भुयारी स्टेशन

दुपारी नगरभवन पाहिले. ते वाटाड्याशिवाय आतून पाहता येत नाही. रॅग्नार ऑस्टबेरी या वास्तुरचनाकाराने बांधलेली ही इमारत १९२३ साली पुरी झाली. सुमारे ८० लाख विटा लागल्या. तिचा मनोरा १०६ मीटर उंच आहे. आतल्या मोठ्या दालनाचे नाव निळे दालन, पण भिंती आहेत लाल विटांच्या. आधी निळा रंग द्यायचे ठरले होते. विटांचे सौंदर्य पाहून तो विचार सोडला. नाव मात्र राहून गेले. दरवर्षी १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी इथेच होते, सुमारे १३०० पाहुणे जेवतात. वरच्या सुवर्ण दालनात काच आणि सोन्याच्या वर्खाचे १ कोटी ८० लाख तुकडे भिंतींवर बसविले आहेत.

सोने पाहून सगळे हरखले. मला अधिक आवडले ते नगरसभेचे सभागृह. १०१ सभासद तिथे बसतात. वर प्रेक्षकांची गॅलरी आहे आणि सभा कोणालाही पाहता येते. बाईंनी सांगितले, स्वीडनमध्ये स्त्रियांनी लोकसभेसाठी पहिल्यांदा मत दिले ते १९२१ साली. तीन वर्षे सलग राहिलेल्या परदेशी माणसालाही नगरसभेच्या निवडणुकीत मत देता येते. मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मी देतो, आई." मी काही बोलले नाही. मला आठवत होते माझे आजोबा. ते सालगडी होते. १९५२ साली त्यांनी पहिले मत दिले. त्या दिवशी मालकाने सुटी दिली नाही, म्हणून ते पहाटे उठून गोठा उरकून, दोन कोस चालत मतदानाला गेले. मालकाचे एक मत आणि आपलेही एकच मत, हे ते मरेपर्यंत सांगत असत.

परतताना भुयारी रेल्वेने आलो. ही रेल्वे १९५० साली सुरू झाली. तिच्या बहुतेक स्टेशनांत चित्रे, शिल्पे केलेली आहेत. मध्यवर्ती स्टेशनाच्या सर्वांत खोल भागात खडक तसाच ठेवून त्यावर पेर ओलोफ उल्टवेट या चित्रकाराने १९७५ साली निळ्या-पांढऱ्या वेली काढल्या. एका कमानीवर माणसांच्या निळ्या आकृत्या आहेत. नीट पाहिले तर कोणी शिडीवर आहे, कोणी वेल्डिंग करतो आहे, कोणी सुतारकाम. हे स्टेशन ज्या कामगारांनी खणले, बांधले, त्यांचीच ही चित्रे.

मी तिथे बराच वेळ थांबले. दोन गाड्या सोडल्या. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर पाना आणि हातोडा घेऊन उन्हातान्हात, भर पावसात मैलोन्‌मैल रूळ तपासत चालायचे. भुसावळ केवढे मोठे जंक्शन! पण वडिलांसारख्या माणसाचे चित्र मी तिथल्या कोणत्याही भिंतीवर पाहिले नाही. स्वीडनमध्ये श्रीमंती आहे म्हणून ती चित्रे निघाली, असे कोणी म्हणेल. पण भिंत आणि रंग आपल्याकडेही असतात. कोणाचे चित्र काढावे, हा प्रश्न पैशांचा नसतो.

बुडालेले जहाज

दुसऱ्या दिवशी वासा नावाचे जहाज पाहिले. राजा गुस्ताव अडॉल्फ याने हे युद्धनौकेचे काम काढले. तोफांचे दोन मजले, ६४ तोफा, बाहेर शेकडो कोरीव मूर्ती. जहाज बांधणारा मुख्य कारागीर १६२७ साली वारला, तेव्हा त्याच्या विधवेने, मार्गारेटा निल्सडोटर हिने कारखान्याचा कारभार पाहिला. १० ऑगस्ट १६२८ रोजी जहाज निघाले आणि सुमारे १३०० मीटर जाऊन शहराच्या डोळ्यांदेखत बुडाले. जवळजवळ ३० माणसे मेली.

जहाज वरून जड आणि खालून हलके आहे, हे आधीच लक्षात आले होते. निघण्यापूर्वी ३० माणसांना डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे धावायला लावून परीक्षा घेतली. तिसऱ्या फेरीतच जहाज इतके डोलू लागले की नौदलाच्या अधिकाऱ्याने परीक्षा थांबविली. राजा परदेशात लढाईवर होता आणि जहाज लवकर हवे म्हणून तगादा लावीत होता. जहाज थांबवावे, असे कोणी म्हटले नाही. पुढे चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. मोजमापे राजाने स्वतः मान्य केली होती, मग दोषी कोणाला ठरविणार? ज्या दरबारात खरे बोलायची सोय नसते, तिथे बुडतात ती खालच्या डेकवरची माणसे.

हे जहाज अँडर्स फ्रान्सेन यांनी १९५६ साली शोधले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ते वर काढले. ३३३ वर्षे पाण्यात राहून लाकूड शाबूत! बाल्टिकच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा जगत नाही, हे त्याचे कारण. आत सापडलेले सांगाडेही जतन केले आहेत. त्यांतला एक अनेक वर्षे पुरुषाचा म्हणून दाखवीत होते. डीएनए तपासणीनंतर २०२३ साली जाहीर झाले की तो एका स्त्रीचा आहे. पहिल्या प्रवासात खलाशांना बायकामुले बरोबर नेण्याची परवानगी होती. इतिहासात बाई असते, पण ती मोजायला उशीर होतो.

सालगड्यांचा देश

तिसऱ्या दिवशी सोदरमाल्म या बेटावर गेलो. एके काळी ही कामगारांची वस्ती होती. उंचावरच्या बास्तुगातान या रस्त्यावर इवार लू-योहान्सन या लेखकाचे घर आहे, आता ते संग्रहालय आहे. शेजारच्या बागेलाही त्यांचे नाव दिले आहे. तिथून पाणी, पूल आणि पलीकडे नगरभवन असे सारे शहर दिसते.

हे लेखक १९०१ साली जन्मले. त्यांचे आईवडील 'स्टाटारे' होते. बाईंनी या शब्दाचा अर्थ सांगितला आणि मी चमकून उभी राहिले. जमीनदाराच्या शेतावर वर्षाच्या कराराने राबणारी लग्न झालेली मजूर कुटुंबे म्हणजे स्टाटारे. मजुरी बरीचशी धान्य, दूध, सरपण अशा रूपात. राहायला मालकाची खोली. करार २४ ऑक्टोबरला संपे, मग एक आठवडा मोकळा. त्या आठवड्यात गाडीवर सामान टाकून दुसऱ्या मालकाकडे जायचे. करार नवऱ्याचा, पण मालकाच्या गायी बायकोने दोहायच्या. बाळंतीण असो की आजारी. त्या दूध काढण्याला 'पांढरा चाबूक' म्हणत.

मी बाईंना सांगितले, आमच्या भाषेत याला सालगडी म्हणतात. आमच्याकडे साल गुढीपाडव्याला ठरते. माझे आजोबा सालगडी होते. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी आजी स्टाटारेची मुलगी होती." आम्ही दोघी त्या बाकावर बसलो. गट पुढे फोटो काढत होता.

स्टाटारेंनी संघटना बांधल्या, लेखकांनी लिहिले, आणि १९४५ साली मालक-मजूर करारातून ही पद्धत बंद झाली. मी विचारले, "आज तुमची आजी कोण होती हे कोणी विचारते का?" त्या म्हणाल्या, "नाही. नावावरून कळतही नाही." इथे मला फरक कळला. त्यांची गरिबी गेली तेव्हा तिच्याबरोबर तो शिक्काही गेला. आपल्याकडे माणूस शिकतो, साहेब होतो, घर बांधतो, तरी आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. तिकडे जन्माने शिवाशिव ठरत नव्हती. म्हणून तिथे करार मोडणे पुरले. आपल्याला माणसांची मने बदलण्याचे कामही करावे लागते.

परंतु कोणी स्वीडनला स्वर्ग समजू नये. बाईंनीच सांगितले की १९२२ साली उप्साला येथे वंशांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था निघाली. उत्तरेकडच्या सामी या मूळ रहिवाशांच्या डोक्यांची मापे घेऊन त्यांना हीन ठरविण्याचा उद्योग तिने केला. १९३४ च्या कायद्यापासून १९७५ पर्यंत साठ हजारांवर लोकांची नसबंदी झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि अनेकींवर दबाव किंवा जबरदस्ती. १९९९ साली सरकारने नुकसानभरपाईचा कायदा केला. आपल्या देशाचा हा डाग बाईंनी परक्या पाहुण्यांना कोणी न विचारता सांगितला. सोन्याच्या दालनापेक्षा या गोष्टीचा मला त्या देशाविषयी अधिक आदर वाटला.

काचेतील तथागत

निघण्याआधी आम्ही घरचेच चौघे राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात गेलो. तिथे एका काचेच्या पेटीत एक ब्राँझची बुद्धमूर्ती आहे. उंची फक्त ८.४ सेंटीमीटर. कमळावर पद्मासनात बसलेले तथागत. मेलारेन सरोवरातील हेल्गो नावाच्या बेटावर उत्खननात ती १९५६ साली सापडली. ती साधारण सहाव्या शतकातली असून भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडविली गेली, असे अभ्यासक मानतात. तिच्या गळ्यात आणि हातावर चामड्याची पट्टी आढळली होती. त्याच बेटावर इजिप्तमधील एक पळी आणि आयर्लंडच्या धर्मगुरूच्या काठीची मूठही सापडली. व्यापाऱ्यांच्या हातून हातोहात, नद्यांच्या मार्गाने ही मूर्ती हजारो मैल दूर आली असावी.

१९५६! त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्याच वर्षी ते बुडालेले जहाजही शोधले गेले. आपण चमत्कार मानणारे लोक नाही. योगायोगाला योगायोगच म्हणावे. पण सन लक्षात ठेवायला नातवाला सोपे जाईल, म्हणून मी त्याला तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. त्याने आपल्या वहीत लिहून घेतल्या. स्वीडिश लिपीत लिहिल्या. मराठी त्याला बोलता येते, लिहिता येत नाही.

त्या रात्री मी मुलाला उत्तर दिले. म्हटले, "निर्णय तुझा आहे. तू इथे कर भरतोस, इथल्या नगरसभेला मत देतोस, तुझा मुलगा इथे वाढतो आहे. ज्या देशात राहायचे त्या देशाचे नागरिक होणे यात गैर काही नाही. पण तुझ्या पणजोबांनी दोन कोस चालून जे मत दिले, ते तू परत करणार आहेस, हे समजून कर. कागद परत करता येतो, देणे परत करता येत नाही." मग तीन गोष्टी मागितल्या. नातवाला या वर्षात मराठी वाचायला शिकवावे. आपल्या गावातील एका मुलीचा वसतिगृहाचा आणि शिक्षणाचा खर्च दरवर्षी उचलावा. आणि कोणी विचारो वा न विचारो, आपण कोण, कुठून आलो, हे मुलाला लाज न बाळगता सांगावे. त्या वाटाडी बाईंनी सांगितले तसे.

सूनबाई म्हणाली, "आई, पहिली गोष्ट माझ्याकडे लागली." दर रविवारी ती त्याला एक धडा वाचायला लावते. परवा त्याने फोनवर मला अडखळत अडखळत एक पान वाचून दाखविले. गावातील एका मुलीचे या वर्षीचे वसतिगृहाचे पैसेही आले. नागरिकत्वाचा अर्ज मुलाने अजून केलेला नाही. केला तरी मी रागावणार नाही.

वाचक बंधुभगिनींनो, आपली मुले-मुली आता देशोदेशी जात आहेत. त्यांच्याकडे जाण्याचा योग आला तर घरात बसून राहू नका. वाटाड्याबरोबर शहर पायी पाहा. चांगले बूट घाला, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. तिकडे नळाचे पाणी पिण्याजोगे असते. रोख पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, म्हणून कार्ड जवळ असू द्या. इंग्रजी कमी येते म्हणून प्रश्न विचारायला भिऊ नका. राजवाडा कोणी बांधून घेतला हे वाटाडे आपणहून सांगतात. दगड कोणी वाहिले, त्यांना मजुरी काय मिळाली, ते राहत कुठे होते, हे मात्र आपण विचारावे लागते. आणि परदेशी जाणे जमले नाही तर आपल्याच तालुक्याच्या गावी मुलांना घेऊन हिंडा. धरण, पूल, रेल्वे, सूतगिरणी दाखवा, आणि तिथे आपले कोण राबले ते नावानिशी सांगा.